शुश्रूषा आणि ज्ञान

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण आज रोग्याच्या सेवेस लावितो. परंतु त्याचा मूळचा अर्थ निराळा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, आणि त्या धातूच्या इच्छार्थक रूपावरून ‘शुश्रूषा’ शब्द सिद्ध झाला. तेव्हा शुश्रूषा म्हणजे प्रथमतः ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूचे ऐकावे, सेवकाने धन्याचे ऐकावे, येथून तो शब्द आज्ञाधारकपणाकडे व तेथून सेवेकडे वळला, आणि अखेर रुग्णशय्येपाशी येऊन स्थिरावला. शब्दांच्या अशा प्रवासात पुष्कळदा एखादा प्रश्न दडून राहिलेला असतो. रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने ऐकावयाचे ते कोणाचे? वैद्याच्या आज्ञेचे, रोग्याच्या कण्हण्याचे, की स्वतःस जे ठाऊक आहे त्याचे? आणि स्वतःस काहीच ठाऊक नसेल, पण अंतःकरण मात्र निर्मळ असेल, तर तिच्या हातून घडलेल्या अपायाचा दोष तिच्या पदरी घालावा की घालू नये? हा प्रश्न आम्हांस प्रथम ग्रंथांत भेटला नाही. तो एका इस्पितळातील खाटेपाशी भेटला. म्हणून तेथूनच आरंभ करणे बरे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका वृद्ध आत्याबाईंस पायाच्या जखमेकरिता इस्पितळात ठेवावे लागले. मधुमेह त्यांच्या अंगी वीस-बावीस वर्षे मुरलेला. इन्शुलिन त्या घरी स्वतःच्या हातानेच टोचून घेत. इस्पितळात शिरताच त्यांची सिरिंज व औषधाची कुपी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. हे तेथील रीतीस धरूनच झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता केसपेपरावर लिहिल्याबरहुकूम परिचारिकेने इन्शुलिन टोचले. न्याहारीची ट्रॉली त्या दिवशी काही कारणाने साडेनऊपर्यंत आलीच नाही. आठाच्या पुढे आत्याबाईंस घाम सुटला. ती परिचारिका बावीस-तेवीस वर्षांची, मोठ्या गोड स्वभावाची मुलगी होती. “उकडतंय का, आजी?” असे म्हणून तिने पंखा वाढविला व रुमालाने त्यांचे कपाळ पुसले. पुढे आत्याबाई काहीतरी असंबद्ध बोलू लागल्या, तेव्हा “रात्री झोप झाली नाही वाटतं, पडा जरा,” म्हणून तिने त्यांस नीट निजविले, पांघरूण घातले, आणि आजींना झोपू द्या, गलबला करू नका, असे आजूबाजूच्या मंडळींस बजावून ती दुसऱ्या रोग्याकडे गेली. शेजारच्या खाटेवरील रोग्याची बायको घरच्या अनुभवाने शहाणी झालेली होती. तिने आत्याबाईंच्या मानेस हात लावून पाहिला, तो गार घामाने भिजलेली. तिने आरडाओरडा केला, धावाधाव झाली, शिरेतून ग्लुकोज देण्यात आले आणि आत्याबाई डोळे उघडून आपण कोठे आहोत असे विचारू लागल्या. त्यांच्या रक्तातील साखर त्या वेळी अवघी ३४ मिलिग्रॅम भरली होती; ती ७०च्या खाली गेली म्हणजेच सावध व्हावे असा संकेत आहे.

आम्ही जाऊन पोहोचलो तेव्हा डॉक्टर त्या मुलीस सर्वांदेखत बोलत होते. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द त्यांनी तीन-चार वेळा उच्चारला. आमचे आतेभाऊ लेखी तक्रार करण्याच्या गोष्टी बोलू लागले. ती मुलगी भिंतीशी उभी राहून रडत होती. आम्ही मध्यस्थी केली. मुलगी मनाची चांगली आहे, तिच्या मनात वाईट नव्हते, जाऊ द्या, असे काहीसे बोललो, आणि आपण मोठे औदार्य केले अशा समाधानात घरी आलो. त्यानंतर ह्या प्रसंगाचा विचार आम्ही पुष्कळ वेळा केला, आणि त्या सकाळी दिलेले दोन्ही निकाल चुकीचे होते असे आमचे मत बनत गेले आहे.

डॉक्टरांचा निकाल चुकीचा होता हे तर उघडच आहे. त्या मुलीने काळजी केली नाही असे म्हणणे म्हणजे शब्दांचा विपर्यास होय. त्या दालनात त्या सकाळी तिच्याइतकी काळजी कोणीही केली नाही. घाम पुसणे, वारा घालणे, निजविणे, शांतता राखणे, ही प्रत्येक कृती काळजीचीच होती. आणि त्यांतील प्रत्येक कृतीने रोगी मृत्यूच्या दिशेने एकेक पाऊल पुढे सरकला. कोणी तुसड्या स्वभावाची, रोग्याशी एक शब्द न बोलणारी परिचारिका तेथे असती, आणि इन्शुलिन दिल्यावर वेळेत अन्न पोटात गेले नाही म्हणजे घाम कशाचा येतो हे तिला ठाऊक असते, तर तिने कपाळ न पुसता साखरपाण्याचा पेला पुढे केला असता. आमचा निकाल चुकीचा होता तो येथेच. चांगुलपणा हा जणू ज्ञानाच्या जागी चालणारा पर्याय आहे, असे आम्ही बोलून गेलो. दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात आम्ही असे बोललो नसतो. आगगाडीचा चालक सिग्नल न ओळखता गाडी पुढे नेईल, तर तो स्वभावाने प्रेमळ आहे ह्यावर आम्ही त्यास सोडणार नाही. मग परिचारिकेच्याच बाबतीत ही सवलत का सुचावी?

तिची मूर्ती आपण ज्ञानावाचूनच मनात घडविलेली आहे, असे ह्याचे उत्तर आम्हांस दिसते. एके काळी हा व्यवसाय आपल्याकडे हलका मानीत. पुण्याच्या सेवासदनामार्फत रमाबाई रानडे मुलींस व विधवांस ह्या शिक्षणाकडे वळवू लागल्या, तेव्हा त्यांस जो लोकापवाद सोसावा लागला तो ह्याच समजुतीतून निघालेला होता. पुढे काळ पालटला आणि आपण परिचारिकेस देवी म्हणू लागलो. परंतु बटकी म्हटले काय किंवा देवी म्हटले काय, तिला काही ठाऊक असले पाहिजे ही अपेक्षा दोन्ही संबोधनांत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या हातातील दिवा शाळकरी मुलासही ठाऊक असतो. परंतु त्याच बाईंनी सैनिकांच्या मृत्यूंची कोष्टके मांडून, आकृत्या काढून, सरकारास नमविले, आणि संख्याशास्त्रज्ञांच्या मंडळाने पहिली स्त्री-सभासद म्हणून त्यांस निवडून घेतले, ही गोष्ट सांगितली तर लोकांस ती अवांतर वाटते.

आपल्या जुन्या वैद्यकाने ह्या बाबतीत अधिक शहाणपणा दाखविला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाच्या गुणांत उपचारांचे ज्ञान पहिले, दक्षता दुसरी, रोग्याविषयीचा अनुराग तिसरा आणि शुचिता चवथी. आम्हांस येथे क्रम महत्त्वाचा वाटतो. अनुराग वगळलेला नाही, पण तो तिसरा आहे. वैद्य हाच चौघांत प्रधान असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. तरी परिचारकास नुसते हात म्हणून गणलेले नाही, त्यास जाणता मानिले आहे. क्रमावरून एवढा अर्थ काढणे अतिशयोक्तीचे आहे असे कोणी पंडित म्हणेल, आणि त्याचे म्हणणे कदाचित खरेही असेल. परंतु ज्ञान त्या यादीत आहे आणि आपल्या स्तुतिपर भाषणांत ते नसते, एवढे तर त्यासही मान्य करावे लागेल.

आता मधुमेहाकडे वळू. कारण परिचारिकेचे ज्ञान हा नैतिक प्रश्न कसा होतो हे ह्या रोगात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथील इस्पितळात लेनर्ड थॉम्प्सन ह्या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी ह्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांस उपाशी ठेवून त्यांचे मरण काही महिने लांबविणे एवढेच वैद्यांच्या हाती होते. त्यानंतर ती मुले जगू लागली. पण त्याबरोबरच एक नवीन संकट जन्मास आले. अर्क अधिक झाला म्हणजे प्रयोगशाळेतील सशांस झटके येत आणि ग्लुकोज देताच ते सावध होत, हे टोरांटोच्या संशोधकांनी प्रारंभीच पाहिले होते. म्हणजे ज्या औषधाने रोगी जगतो त्याच औषधाने तो तासाभरात बेशुद्धही पडू शकतो. आणि हे औषध चुकीचे नसते, मात्राही पुष्कळदा चुकीची नसते. चुकते ती वेळ, जेवण, किंवा त्या दिवशीची शरीराची स्थिती. डॉक्टर आज्ञा लिहितो ती सकाळी, पाच मिनिटांत. शरीर पालटते ते दिवसाचे चोवीस तास. ताप आला, साखर वाढली. स्टेरॉइड सुरू केले, फार वाढली. मूत्रपिंड मंदावले, तर पूर्वीचेच इन्शुलिन अंगात अधिक वेळ रेंगाळून साखर उतरली. लिहिलेली आज्ञा आणि पालटलेले शरीर ह्यांच्या मधोमध जी व्यक्ती उभी असते ती परिचारिका होय. बोस्टनचे डॉक्टर एलियट जॉस्लिन ह्यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. ते आपल्या परिचारिकांस शिकवून तयार करीत आणि रोग्यांच्या घरी राहून त्यांस शिकविण्याकरिता पाठवीत.

आत्याबाईंच्या प्रसंगानंतर आम्ही ह्या विषयावर जे वाचले व जाणत्यांस विचारले, त्यात एका गोष्टीचे आम्हांस फार नवल वाटले. ह्या रोगातील चुका बहुतेक दयाबुद्धीच्या असतात. पाय गार लागतात असे रोगी म्हणतो, म्हणून कोणी कनवाळूपणाने गरम पाण्याची पिशवी तळव्यास लावते. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे रोग्यास चटका कळत नाही, आणि सकाळी पाहावे तो कातडी भाजून फोड आलेला. त्या फोडाची जखम, जखमेचे कुजणे, आणि अखेर पाय कापणे, हा सगळा प्रवास एका पिशवीपासून सुरू होऊ शकतो. लहान मुलाची सकाळची साखर नव्वद भरली, एवढ्याशा पोरास उगाच सुई कशाला, म्हणून इन्शुलिन मुळीच दिले जात नाही; परंतु ज्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन बनतच नाही त्यास साखर कमी असली तरी थोडेफार इन्शुलिन मिळालेच पाहिजे, नाहीतर चरबी जळून रक्तात आम्ल साचते आणि दिवस मावळण्याच्या आत ते मूल धापा टाकू लागते. साखर उतरलेल्या रोग्यास कोणी मोठ्या प्रेमाने पेढा भरविते. पेढ्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा चढते, तेथे साधे साखरपाणी अधिक त्वरेने काम करिते. आणि रोगी बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालणे म्हणजे त्यास गुदमरविणे होय. रोग्याने नुकतेच संत्रे सोललेले असते. तसल्याच बोटाचे रक्त यंत्रावर घेतले की साखर खोटी वाढलेली दिसते, आणि त्या खोट्या आकड्यावर खरे इन्शुलिन दिले जाते. हात धुवून पुसावयास अर्धा मिनिट लागतो. ह्या सर्व प्रकारांत दुष्ट मनुष्य कोठे आहे? कोठेही नाही. दुष्ट मनुष्य शोधण्याची आपल्या नीतिविचारास इतकी सवय लागलेली आहे, की तो न सापडला म्हणजे आपण दोषच नाही असे समजून चालू लागतो.

इंग्लंडातील तत्त्वज्ञ क्लिफर्ड ह्याने १८७७ मध्ये एका निबंधात जहाजमालकाचा दृष्टांत दिला आहे. जहाज जुने झाले आहे अशी शंका मालकास येते. परंतु दुरुस्तीचा खर्च वाचावा म्हणून तो ती शंका हळूहळू मनातून काढून टाकतो, जहाज सुरक्षित आहे असा प्रामाणिक विश्वास बाळगून ते समुद्रावर धाडतो, आणि ते उतारूंसह बुडते. त्याचा विश्वास प्रामाणिक होता, परंतु तसा विश्वास बाळगण्याचा त्यास अधिकार नव्हता, म्हणून तो अपराधी, असा क्लिफर्डचा निर्णय आहे. हा दृष्टांत आमच्या परिचारिकेस लागू पडेल काय, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. तो लागू पडत नाही. जहाजमालकास शंका आली होती. त्याने ती दडपली. ह्या मुलीस शंका आलीच नाही. आणि ती यावी कशी? घामाचे दोन अर्थ असू शकतात हे ज्यास ठाऊक आहे त्यालाच कोणता अर्थ खरा अशी शंका येते. ज्यास एकच अर्थ ठाऊक आहे तो पंखा वाढवितो. शंका येण्यासही ज्ञान लागते. सदसद्विवेकबुद्धी ही आपोआप बोलणारी देवता आहे अशी आपली समजूत असते. पण ती ज्या भाषेत बोलते ती भाषा कोणीतरी आधी शिकवावी लागते.

आज्ञापालनाच्या बाबतीत तर हे प्रयोगानेच सिद्ध झालेले आहे. १९६६ मध्ये हॉफ्लिंग नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इस्पितळांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. रात्रपाळीच्या परिचारिकेस अनोळखी डॉक्टराचा दूरध्वनी येई. अमुक रोग्यास अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करितो. औषध अनोळखी, दिवसभरात १० मिलिग्रॅमहून अधिक देऊ नये असे डबीवर छापलेले, आणि दूरध्वनीवरून आज्ञा घेणे नियमाविरुद्ध. बावीस परिचारिकांपैकी एकवीस जणी औषध घेऊन रोग्याकडे निघाल्या, तेव्हा त्यांस अडविण्यात आले. (डबीत वस्तुतः निरुपद्रवी ग्लुकोज भरलेले होते, आमच्या विषयाशी ह्याचा संबंध केवळ योगायोगाचा.) अशी आज्ञा आली तर तुम्ही काय कराल, असे इतर परिचारिकांस विचारले असता बहुतेक सर्वांनी, आम्ही नाकारू, असे उत्तर दिले होते. हा प्रयोग सांगून मनुष्यस्वभावाच्या गुलामगिरीविषयी उसासे टाकण्याची पद्धत आहे. परंतु १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन ह्यांनी तोच प्रयोग थोडा फरक करून पुन्हा केला, त्याची वार्ता फार थोडे लोक सांगतात. ह्या वेळी औषध परिचारिकांच्या नित्य परिचयाचे निवडले होते, मात्रा वाजवीहून पुष्कळ अधिक सांगितली होती, आणि त्यांस आपल्या मैत्रिणींशी बोलण्याची मोकळीक होती. अठरांपैकी केवळ दोघीच औषध देण्यास सिद्ध झाल्या. अकरा वर्षांत अमेरिकेतील परिचारिकांचे शील पालटले असे थोडेफार म्हणता येईल. परंतु आम्हांस त्याहून साधे कारण दिसते. त्या औषधाची योग्य मात्रा त्यांस ठाऊक होती, आणि शेजारणीस विचारण्याची लाज बाळगावी लागली नाही. ज्यास ठाऊक नाही तो आज्ञा मोडू शकत नाही. त्यास आज्ञा मोडण्याचे स्वातंत्र्य दिले तरी ते त्याच्या हातात राहत नाही. उपाशी ठेवलेल्या शस्त्रक्रियेच्या रोग्यास केसपेपरावर राहून गेलेले न्याहारीपूर्वीचे इन्शुलिन टोचावयाचे की थांबून डॉक्टरास विचारावयाचे, ह्याचा निर्णय धैर्याने होत नाही. हे औषध पोट रिकामे असता काय करील, ह्या माहितीने होतो. धैर्य त्यानंतर लागते.

तेव्हा परिचारिकेस अज्ञानात ठेवणे म्हणजे तिचा विवेकच तिच्याकडून काढून घेणे होय. आणि नंतर विवेकाने वागली नाही म्हणून तिला सर्वांदेखत बोलणे, हा त्यावरील दुसरा अन्याय. दोष कोठे जातो ते ह्यावरून कळून येईल. सात वाजता इन्शुलिन आणि साडेनऊला न्याहारी, ह्या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली निरनिराळ्या खात्यांकडे सोपवून ज्यांनी त्यांची गाठ घालून दिली नाही, ते त्या सकाळी तेथे नव्हते. आपल्या देशात इन्शुलिन दोन तीव्रतांचे मिळते. एका मिलिलिटरात ४० एककांचे आणि १०० एककांचे. चाळिसाची सिरिंज लाल टोपणाची, शंभराची नारिंगी. शंभराच्या कुपीतील औषध चाळिसाच्या सिरिंजेत वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर रोग्यास वीस एककांऐवजी पन्नास मिळतात. उलट केले तर आठ. लाल आणि नारिंगी ह्यांतील भेद अपुऱ्या उजेडात, साठ खाटांच्या दालनात, रात्रपाळीच्या अखेरीस ओळखावयाचा आहे. हे ज्ञान तिला कोणी दिले आहे काय, हा एक प्रश्न. आणि अशी व्यवस्था कोणी चालू ठेविली, हा दुसरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. गोव्यात तर शंभर प्रौढांमागे सव्वीसांहून अधिक. म्हणजे कोणत्याही कारणाने इस्पितळात आलेल्या रोग्यांत, हाड मोडलेला असो की मोतीबिंदूचा असो, मधुमेही हटकून असणारच. मधुमेहाचे ज्ञान हे आता एखाद्या विशेष विभागाचे ज्ञान राहिलेले नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो तोडून टाकण्यासारखा नाही. साठ रोग्यांस दोन परिचारिका, वेतन तुटपुंजे, घरी मुले. अशा बाईने ग्रंथ वाचून विदुषी व्हावे असे आरामखुर्चीतून सांगणारे तुम्ही कोण? आक्षेपाचा पूर्वार्ध आम्ही निमूटपणे मान्य करितो. परंतु आम्ही जे ज्ञान मागतो ते विदुषीचे नव्हे. स्वादुपिंडातील पेशींची नावे तिला न आली तरी चालेल. टोचल्यानंतर अन्न किती वेळात पोटात गेले पाहिजे, गार घाम आणि गरम घाम ह्यांत काय फरक, गढूळ इन्शुलिन कोणते व स्वच्छ कोणते, एकाच जागी वारंवार टोचल्याने तेथे गाठ धरून औषध नीट का शोषले जात नाही, तळपायाच्या भेगा कोणी पाहावयाच्या. हे ज्ञान एका बैठकीत सांगता येते, मात्र ते वर्षातून एकदा पुन्हा सांगावे लागते. ते सांगण्याची जबाबदारी जिच्या अंगावर आधीच साठ रोगी आहेत तिची नव्हे.

तरीही सर्व दोष व्यवस्थेवर ढकलून परिचारिकेस पूर्णपणे मोकळी करण्यास आमचे मन तयार होत नाही. कारण तसे करणे म्हणजे पुन्हा तिला अजाण बालिका समजणे होय. १९८९ मध्ये मधुमेहविषयक एका अमेरिकन नियतकालिकात परिचारिकांच्या ह्याच ज्ञानाची परीक्षा प्रसिद्ध झाली, तीत आपल्याला किती येते ह्याविषयीचा परिचारिकांचा अंदाज आणि परीक्षेत प्रत्यक्ष आढळलेले ज्ञान ह्यांचा मेळ बसला नाही. ह्यास कारण मधुमेहाचा अतिपरिचय असावा असे आम्हांस वाटते. कर्करोगापुढे मनुष्य नम्र होतो. ‘शुगर’पुढे होत नाही. ती शेजारी आहे, मामाला आहे, सासूबाईंना आहे. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, गोड बंद, एवढे सर्वांसच येते, आणि एवढे येते म्हणून पुढचे विचारावेसे वाटत नाही. सॉक्रेटिसाने आपल्याला काही ठाऊक नाही हे ठाऊक असण्याची जी महती सांगितली, ती अथेन्सच्या चौकापेक्षा इस्पितळाच्या रात्रपाळीस अधिक लागू पडते. पहिले अज्ञान तिचे नसेल. परंतु एकदा ते उघडकीस आल्यावर ती त्याचे काय करिते, हे मात्र तिचे आहे. हेच आम्हां रोग्यांच्या नातलगांसही लागू आहे. वीस वर्षे आत्याबाई आमच्या घरी येत-जात होत्या; घाम आला तर काय करावे हे आम्हांस तरी कोठे ठाऊक होते?

ठाऊक होते ते एकट्या आत्याबाईंस. चरकाने रोग्याच्या गुणांतही एक विलक्षण गुण सांगितला आहे: आपल्याला काय होते आहे ते नीट कळविता येणे. वीस वर्षांच्या मधुमेह्याने आपल्या शरीराशी जो परिचय केलेला असतो, त्याचे इस्पितळाच्या दारात सिरिंज-कुपीबरोबरच गाठोडे बांधून ठेविले जाते. “सिस्टर, माझा डबा आल्याशिवाय सुई नको,” असे आत्याबाई त्या सकाळी म्हणाल्या होत्या, हे आम्हांस मागाहून कळले. मुलगी हसून म्हणाली होती, “घाबरू नका हो आजी, दुखत नाही.”

तक्रार झाली नाही. आत्याबाई पुढे आठ दिवस तेथेच होत्या. घरी आणण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गेलो, तो ती मुलगी पाळी संपल्यावर, घरी जाण्याच्या वेषात, खाटेजवळ स्टुलावर बसलेली. हातात शाळेतल्या मुलांजवळ असते तशी लहान वही. “पहिल्यांदा काय झालं होतं, आजी? घामाच्या आधी?” आत्याबाई थोडा वेळ आठवत राहिल्या. “ओठाला मुंग्या येतात गं. जिभेच्या शेंड्याला पण. मग कुणी बोललं की राग येतो, उगाचच. घाम त्याच्या नंतर.” “राग?” मुलीने विचारले. “हो, राग. आमच्याकडे सुनेला ठाऊक आहे. मी चिडले की ती आधी साखर आणते, मग भांडते.” मुलीने ते लिहून घेतले, आणि मग त्या किती चमचे साखर घेतात ते विचारले.